कोयता बाहेर ठेवून

4 एप्रिल 2025, शुक्रवार. भोर

दुपारच्या एसटीने माहेरी आले. कापूरहोळला महामार्ग सुटला की अजूनही जीव हलका होतो. भाटघरचं पाणी बरंच खाली गेलंय. काठाच्या तांबड्या मातीवर उतरत्या पाण्याच्या रेघा पायऱ्यांसारख्या उमटल्यात. 1928 साली हे धरण पुरं झालं आणि वेळवंडीच्या खोऱ्यातली शेतंघरं पाण्याखाली गेली. उन्हाळा सरताना पाणी तळाला जातं तेव्हा कांबरेश्वराचं जुनं देऊळ अजून बाहेर येतं आणि लोक ते बघायला जातात. दगड एवढी वर्षं पाण्यात राहून टिकला. झाडांना ते जमणारं नव्हतं.

या खेपेला येण्याला निमित्त झालं भाचीच्या फोटोचं. ती व्हेनिसला गेली होती. तिथं सान जॉर्जो माज्जोरे नावाच्या बेटावर बेनेडिक्टाइन साधूंचा जुना मठ आहे आणि मठाच्या मागच्या अंगाला कुंपणाच्या झुडपांचा एक चक्रव्यूह. बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाच्या मृत्यूला 25 वर्षं झाली तेव्हा, 2011 साली, तो लावला. आराखडा रँडॉल कोट या इंग्रज माणसाचा. तीन हजारांहून अधिक झुडपं कापून ठेवलेली. वरून पाहिलं तर त्यात लेखकाचं नाव वाचता येतं, शिवाय वाळूचं घड्याळ, आरसा, काठी अशी चिन्हं. भाचीनं खाली लिहिलं होतं, "आत्या, आपल्याकडे आहे का गं असं काही? देवाच्या जागेतली, अर्थ लपवलेली बाग?"

मी लिहिलं, "आहे. भोरपासून तासाभरावर. पण तिथं कुणी कात्री लावत नाही."

उत्तर पाठवलं आणि रात्रभर डोळ्यासमोर राई. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी गेली. विद्यार्थिनी असताना माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा 1976 सालचा निबंध हाती आला होता. तो वाचून आम्ही चौघीजणी पाठीवर दाबपेटी घेऊन भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत हिंडलो होतो. तेव्हाच्या वह्या वहिनीनं माळ्यावर जपून ठेवल्यात. उद्यापासून त्यातल्या जमतील तेवढ्या जागा पुन्हा बघायच्या. गुडघे साथ देतील तेवढं.

5 एप्रिल, शनिवार. नसरापूर

सुरुवात सोप्या जागेपासून. बनेश्वर. नावातच बन आहे.

नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेलं हे शंकराचं देऊळ. पुढं कुंडं, कुंडांत मासे, मागं झाडी आणि ओढा. मंडपातली घंटा दरवेळी बघते. तिच्यावर क्रूस आहे आणि 1683 हे साल. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, 1739 मध्ये, पोर्तुगिजांकडून आलेल्या घंटांपैकी ही एक. चर्चमध्ये वाजायची ती बनातल्या महादेवापुढं वाजू लागली. तिला बहुधा दोन्हीकडं झाडांचीच सोबत मिळाली असेल.

इथं वनखात्यानं राखलेली बाग आहे, पायवाटा आहेत, शनिवार-रविवारी पुण्याहून डबे घेऊन आलेली कुटुंबं असतात. मला हे आवडतं. लहान मुलाला पहिलं मोठं झाड इथं भेटलं तरी पुष्कळ. पण बनेश्वर ही माणसानं मांडलेली जागा आहे. वाट कुठं वळणार हे कुणीतरी ठरवलंय, कुठं बसायचं तेही ठरवलंय. व्हेनिसच्या बागेची ही लांबची बहीण म्हणता येईल.

मला हवी ती जागा वेगळी. घरी आल्यावर जुनी वही उघडली. अंजनीचं एक पान अजून तसंच चिकटलेलं, फक्त तपकिरी झालेलं.

6 एप्रिल, रविवार. रामनवमी

आज राई.

गावाचं नाव लिहीत नाही. महाडच्या रस्त्यानं, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं गेलं की डाव्या-उजव्या हाताला जी खोरी लागतात त्यातल्या एकातलं हे गाव, एवढंच. नाव लिहिलं की मोटारसायकली येतात, मग प्लेटा-बाटल्या येतात. एवढी वर्षं जी जागा नुसत्या धाकावर राहिली तिचा पत्ता माझ्या वहीतून फुटायला नको.

एप्रिलमध्ये यायचं ते मुद्दाम. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, तेव्हा राई डोळ्यात भरत नाही. आत्ता डोंगर भाजून करडा झालाय. राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या खांदून खांदून झाडांचे नुसते खुंट उरलेत. त्या करड्या उतारावर मधोमध एक काळपट हिरवा गोळा, जणू कुणी घोंगडी टाकून गेलंय. कडा इतकी रेखीव की वाटावं, कुंपण आहे. जवळ गेलं तर कुंपण नाही, तार नाही, गडगासुद्धा नाही. पायाखालचं गवत संपतं आणि पाचोळा सुरू होतो, तीच वेस.

गुरव बाबा वाट बघत उभे होते. सत्तरी उलटलेली, अंगात बंडी, डोक्याला उपरणं.

"ताई, चपला हितंच ऱ्हाऊं द्या."

"कोयता, काठी?"

"त्यो तर घरीच ठिवून येतो आमी. आत हत्यार न्यायचंच न्हाय."

चार पावलं आत गेले आणि कातडीला कळलं. बाहेर डोक्यात ऊन चढत होतं, इथं दंडावर गारवा. डोळ्यांना अंधार सरावायला मिनिटभर गेलं. मग एकेक दिसू लागलं. आंबा, ज्याच्या बुंध्याला आम्ही दोघांनी हात पसरूनही कव पुरली नाही. हिरडा, पारजांभूळ, जांभळाचा मोहोर, त्यावर मधमाश्यांचा एकसुरी घुमारा. आणि अंजनी! ऐन बहरात. जून फांद्यांना, अगदी खोडाजवळ, निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके बिलगलेले. खाली पडलेल्या फुलांनी पाचोळ्यावर निळी रांगोळी. माझ्या वहीतलं तपकिरी पान ज्या झाडाचं, ते हेच असेल का? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "झाड तर त्येच हाय, ताई. पानं दरसाली नवी." मला भरून आलं, थोडा वेळ बोलता आलं नाही.

आणखी आत गारंबीचा वेल. वेल म्हणायचा, पण मांडीएवढा जाड. जमिनीवरून निघून दोन वळसे घेतो, कमान करतो आणि थेट शेंड्यांवर चढतो. हातभराहून लांब शेंगा वर लोंबतात, त्यातली बीही चांगली मोठी. अशा वेलाला चढायला जुनं, न छाटलेलं झाड लागतं, आणि अशी झाडं या मुलखात आता फक्त देवाच्या जागेत उरलीत. गाडगीळ-वर्तकांच्या निबंधाचा गाभा हाच होता. देवराई हा नुसत्या श्रद्धेचा विषय नाही. आजूबाजूचं सगळं रान कसं होतं हे सांगणारी ती उरलीसुरली साक्ष आहे.

आता त्या बागेच्या चिन्हांबद्दल, म्हणजे भाचीच्या प्रश्नाबद्दल.

राई वाचावी लागते. पहिला दगड वेलाच्या कमानीच्या अलीकडं, पाचोळ्यात अर्धा बुडालेला. वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, बहुतेक गुरांसाठी झालेली, कारण मागं गायींच्या आकृती आहेत. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेतात. सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याचं नाव राहो. नाव मात्र कोरलेलं नाही. त्याच्या शेजारी सतीशिळा, कोपरात वळलेला एक हात आणि त्या हातात बांगड्या. तिच्याकडं मला नीट बघवत नाही. कुणी तिला देवी म्हणो, मला तिथं एक पोर दिसते.

मग एका झाडाला बांधलेले लाकडी पाळणे, वितीवितीचे, काही नवे, काही कुजून काळे. मूल व्हावं म्हणून बोललेले नवस. मी मोजले, 19 होते. आणि शेवटी, सगळ्यात गर्द जागी, देवी. मूर्ती नाही. तांदळा, म्हणजे नुसता घडीव नसलेला दगड, शेंदराच्या थरांनी गुळगुळीत झालेला. चार दगड रचून केलेला कट्टा, त्यावर ती. छप्पर नाही.

"देवीला माथ्यावर आभाळच लागतं," बाबा म्हणाले. "माझ्या आज्यानं पत्रं टाकलं होतं म्हनं. त्याच पावसाळ्यात उडालं."

दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या घाटवाटांनी पायी हिंडले आणि अशा उघड्यावरच्या मातृदेवतांवर त्यांनी 1962 सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात लिहिलं. या देवी गावाच्या आधीच्या आहेत, शेती येण्याआधी माणसं जिथून ये-जा करत, जिथं वाटा एकमेकींना भेटत, तिथं त्या बसल्यात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ही देवी नांगराला ओळखत नाही. तिचं राज्य नांगर थांबतो तिथून सुरू होतं.

राईच्या खालच्या अंगाला झरा आहे. दगडी कुंडीत पडतो. खालच्या वाडीच्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन इथंच येतात, कारण वाडीतली विहीर मार्चलाच तळ दाखवते. यात गूढ काही नाही. शतकानुशतकांचा पाचोळा, त्याखाली कुजून झालेली काळी माती, त्यात गुंतलेली मुळं, हे सगळं पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि थेंबथेंब सोडतं. उघड्या डोंगरावर तेच पाणी दोन तासांत माती घेऊन ओढ्याला जातं. पण झऱ्याचं कारण मी सांगितलं तेव्हा हंडा भरणारी म्हातारी शांतपणे म्हणाली, "म्हंजे आईचंच की." आमच्या दोघींच्या म्हणण्यात मला फारसा फरक दिसला नाही.

पाळी चालू असलेल्या बाईनं आत जायचं नाही, असा इथला नियम. झरा त्या वेशीच्या आत. मग त्या चार दिवसांत त्या बाईच्या घरचं पाणी कोण आणतं, विचारलं. "लेक आणती." लेक नसेल तर? उत्तर आलं नाही. राईवर माझा जीव आहे, पण हा नियम मला मान्य नाही, आणि ते मी बाबांना सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं.

निघताना बाबांनी ओढ्याकडच्या बाजूला नेलं. झाडांच्या खोडांवर चुन्याचे ठिपके. आठ झाडं.

"मंडप व्हायचाय," ते म्हणाले. "पोरं म्हनत्यात, देवी उघड्यावर बरी न्हाय दिसत."

7 एप्रिल, सोमवार. भोर

अंग दुखतंय. दिवसभर वह्या लावल्या. चुन्याचे ठिपके डोळ्यांपुढून जात नाहीत.

9 एप्रिल, बुधवार. वेल्हे

तालुक्याचं नाव आता राजगड ठरलंय. बोलण्यात अजून वेल्हेच. तोरण्याच्या पायथ्याशी गाडीतून उतरले, मेंगाईला नमस्कार केला. गडावर तीच, गावात तीच. मग एका ओळखीच्या शिक्षकांच्या गाडीवर मागं बसून गुंजवणीच्या खोऱ्यात शिरले.

जुन्या वहीत या खोऱ्यातल्या एका राईची चार पानं भरलीत. सातवीण, बेहडा, करंज, वावळ, शेंद्रीची रोपं, शेकरूचं घरटं. पोचलो तर समोर सिमेंटची कमान. कमानीवर वर्गणीदारांची नावं आणि रक्कम. आत पेव्हर ब्लॉक, रंगीत पत्र्याचा सभामंडप, स्टीलचे कठडे, चकचकीत फरशीवर संगमरवरी मूर्ती. जुना तांदळा मागं, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलेला. झाडं किती? मी मोजली. 11. त्यांपैकी पाचांच्या बुंध्यांभोवती सिमेंटचा पार इतका घट्ट बांधलाय की मुळांना पाणी जायला बोटभर जागा नाही. त्यातला एक आंबा शेंड्याकडून वाळायला लागलाय.

मला राग आला आणि रागाच्या भरात मी मंडपात बसलेल्या माणसांशी बोलायला गेले. बरं झालं, गेले. त्यांतला एकजण पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करून निवृत्त झालेला. त्यानं आपल्या पहिल्या पगारापासून दरमहा देवीच्या नावानं पैसे बाजूला ठेवले होते. "गावात काहीतरी करून दाखवायचं होतं, ताई. आमच्या देवीला पन बाकीच्यांसारखं चांगलं घर पायजे ना." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. याला मी काय गुन्हेगार म्हणू? ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची पोती वाहिली त्याला आपल्या देवीला फरशी द्यावीशी वाटली. चूक त्याच्या मायेत नाही. झाड हेच देवीचं घर, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि सांगायचं काम आमचं होतं. आम्ही चौघींनी पानं गोळा केली, दाबली, पुण्याला नेली. गावात बसून ती यादी कधी वाचून दाखवली नाही.

हे लिहिताना हात जड झालाय. तरी लिहिते, कारण कुऱ्हाडीपेक्षा या काळात जीर्णोद्धारानं जास्त राया गेल्या, हे माझं ठाम मत झालंय.

10 एप्रिल, गुरुवार. पानशेतकडं

शिरकोलीच्या वाटेवर, धरणाच्या फुगवट्याकाठी एका धनगर आजोबांशी तासभर बोलले. हे धरण 12 जुलै 1961 ला फुटलं. पुणं बुडालं तेवढंच आम्हाला शाळेत शिकवलं. धरणावरच्या डोंगरांचं काय झालं ते आजोबांनी सांगितलं. धरणासाठी रस्ता आला. रस्त्यानं ट्रक आले. ट्रकबरोबर कोळशाचे व्यापारी आले. मालकीच्या डोंगरावरची झाडं पाच-दहा रुपयांत गेली, भट्ट्या लागल्या, रात्री डोंगर लाल दिसायचे. ज्यांची भातखाचरं पाण्यात गेली होती त्यांना दुसरं विकायला होतंच काय?

"आन् राई?"

"तितं भट्टी लावायला कुनी धजलं न्हाय. मुकादम म्हनला, दुप्पट देतो. बापानं सांगितलं, आमची न्हाय ती, देवीची हाय. जे आपलं न्हाय ते इकायचं कसं?"

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांविषयी जे सांगितलंय ते आठवलं. आरमाराला लाकूड लागतं, पण आंबा-फणस तोडू नयेत, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. तो राज्याचा हुकूम होता. राईला हुकूमही लागला नाही.

आजोबांकडं बाळहिरड्याचं सुकत घातलेलं पोतं होतं. मूठभर दिलं. पैसे घेतले नाहीत.

11 एप्रिल, शुक्रवार. भोर

पुन्हा त्या पहिल्या गावी जाऊन आले, सकाळी सहाच्या गाडीनं. बरोबर शिवणाची फीत, खडू आणि दोनशे पानी वही. गुरव बाबांची नात, आठवीतली, दिवसभर माझ्याबरोबर होती. छातीइतक्या उंचीवर दोन फुटांहून जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड मोजलं. नाव तिनं सांगायचं, घेर मी सांगायचा, लिहायचं तिनं. तिला मला ठाऊक नसलेली नावं ठाऊक होती. एकूण 65 झाडं, 27 जाती. सगळ्यात मोठा तो आंबा: 17 फूट 4 इंच. वेल वेगळे. अंजनीची बरीच झाडं घेरात बसली नाहीत, ती जन्मभर बारीकच राहतात, म्हणून त्यांची वेगळी मोजणी केली. चुन्याचा ठिपका असलेल्या आठांपुढं फुली.

दुपारी वरच्या फांदीवर काहीतरी हललं. शेकरू. लांब झुपकेदार शेपूट खाली सोडून बसलं होतं, आमच्याकडं बघत. मुलगी म्हणाली, "याचं नाव लिहायचं का?" लिहिलं.

12 एप्रिल, शनिवार. चैत्री पौर्णिमा

गावची जत्रा. मुंबई-पुण्याची मंडळी आलेली, टेम्पोंनी आणि गाड्यांनी वाट अडलेली. संध्याकाळी पालखी निघाली, ढोल, लेझीम, गुलाल. राईच्या वेशीशी सगळे थांबले. वाद्यं थांबली. ज्यांच्या पायात बूट होते त्यांनी ते काढले. एवढ्या गलक्यानंतरची ती शांतता मी विसरणार नाही. चंद्र वर आलेला, पण आत त्याचा प्रकाश फक्त ठिपक्याठिपक्यांनी.

रात्री जेवणं झाल्यावर बैठक. मंडपाचा विषय. गुरवानं कौल लावायचा असं ठरलं होतं. तांदळ्यावर ओल्या तांदळाच्या दोन जुड्या, उजवी आधी पडली तर होकार. त्याआधी मी बोलायची परवानगी मागितली. बाहेरची बाई, पण भोरची लेक म्हणून मिळाली.

मी भाषण केलं नाही. नातीला वही वाचायला लावली. ती उभी राहिली आणि वाचत गेली. आंबा, 17 फूट 4 इंच. हिरडा, 6 फूट. पारजांभूळ, 5 फूट 9 इंच. किंजळ. बेहडा. फुलीची आठ झाडं आली तेव्हा ती प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबली. हे तिला मी शिकवलं नव्हतं. माणसं गप्प ऐकत होती. एका म्हाताऱ्यानं मध्येच सांगितलं, त्या किंजळाखाली माझा बाप टेकायचा. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. यादी वाचून संपायला तास लागला.

मग मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, असा 2002 सालचा कायदा आहे. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत ही यादी जशीच्या तशी चढवता येते. गेल्या 18 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरण म्हणजे देवाच्या रानांचा शोध घेऊन त्यांना संरक्षण द्या, असा आदेश त्या सरकारला दिला, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्रानं धोरण करावं असंही सुचवलं. मंडप बांधायचाच असेल तर वेशीच्या बाहेर बांधा. जत्रेला आलेल्यांना सावली हवी, म्हाताऱ्यांना बसायला हवं, ते खरंच आहे. देवीला आभाळ राहू द्या.

एक तरुण चिडला. म्हणाला, पुण्याला राहून आम्हाला शिकवता, इथं राहा ना. त्याचं बोलणं लागलं, आणि त्यात खरंही होतं. त्यावर गुरव बाबाच बोलले, "ताईनं शिकवलं न्हाय. माझ्या नातीनं वाचलं."

कौल लावला. डावी जुडी आधी पडली.

कौलावर माझा विश्वास नाही. पण एक सांगते: त्या वेळी माझेही हात जोडलेले होते.

13 एप्रिल, रविवार. भोर

वहिनीनं पुरणपोळी केली. भाचीचा फोन आला. व्हेनिसच्या बागेत तिला वाट सापडायला किती वेळ लागला विचारलं. म्हणाली, पंधरा मिनिटं, कारण मागून पुढून माणसं जात होती. तिला अंजनीच्या फुलांचा फोटो पाठवला. दिवाळीत घेऊन जाईन, म्हटलं. गावाचं नाव तिलाही सांगितलेलं नाही.

27 मे, मंगळवार. पुणे

पाऊस कालच आला, एवढा लवकर पाहिल्याचं आठवत नाही. सकाळी बाबांच्या नातीचा फोन. आवाजामागं पत्र्यावरचा पाऊस. झरा भरून वाहतोय म्हणाली.

मंडप वेशीबाहेर, जुन्या खळ्याच्या जागेवर बांधायचं ठरलं. पाया खणून झालाय. पण सामान आणायला जेसीबी आला तेव्हा वाट रुंद करताना ओढ्याकडची दोन झाडं गेली, किंजळ आणि पारजांभूळ. ज्या किंजळाखाली त्या म्हाताऱ्याचा बाप टेकायचा, तोच. फुलीची बाकी सहा उभी आहेत. ग्रामसभेत यादी वाचली गेली, आता ती पंचायतीच्या नोंदवहीत आहे. मुलीनं तिची एक प्रत शाळेत लावलीय.

ज्यांची गावं या डोंगरांत आहेत आणि जे जत्रेला, जीर्णोद्धाराला वर्गणी पाठवतात त्यांना माझं एक मागणं आहे. पैसे पाठवण्याआधी फोन करून विचारा, राईतली किती झाडं जाणार आहेत. पैसे थोडे कमी द्या, पण एक दिवस द्या. गावच्या एखाद्या मुलीला बरोबर घ्या, एक फीत आणि एक वही घ्या, आणि झाडं मोजून काढा. कोयता बाहेर ठेवा.

आमच्या वहीत 65 झाडं आहेत. दोन ओळींवर रेघ मारली.